आभाळातला वाटाड्या

मंडळी, लासूर स्टेशनच्या फलाटावर अमावास्येच्या रात्री कधी उभे राहिला आहात? मनमाडकडून गाडी येते, क्षणभर टेकते आणि पोटूल, दौलताबाद घेत छत्रपती संभाजीनगरला बिनचूक जाऊन पोचते. ड्रायव्हरला वाट शोधावी लागत नाही. ती रुळांनीच ठरवलेली असते. आता असे समजा, की रूळ नाहीत, स्टेशने नाहीत, खालच्या साऱ्या मुलखाने दिवे मालवलेले आहेत, आणि तरीही शेकडो किलोमीटरवरचे एक ठिकाण ठरल्या मिनिटाला गाठायचे आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतल्या ज्या माणसाच्या शिरावर हे काम असे, त्याला नॅव्हिगेटर म्हणत. आपण त्याला विमानाचा वाटाड्या म्हणू.

तो वाट कशी काढी? शिवना नदीला पाणी आले म्हणजे पट्टीचा पोहणारा काय करतो, ते आठवा. समोरच्या बाभळीकडे सरळ तोंड करून तो हात मारीत नाही. ओढ आपल्याला खाली नेणार हे ठाऊक असल्याने तो वरच्या अंगाला रोख धरतो आणि बरोबर बाभळीशी निघतो. विमानाच्या बाबतीत वारा म्हणजे ही ओढ. ताशी ६० किलोमीटरचा आडवा वारा लक्षात घेतला नाही, तर तासाभरात विमान ६० किलोमीटर बाजूला गेलेच म्हणून समजा. शिक्षकांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून दाखवावा : एक बाजू विमानाचा वेग, दुसरी वाऱ्याचा, तिसरी प्रत्यक्ष वाट. वाटाड्या पडदा ओढून, मिणमिणत्या दिव्याखाली, घड्याळ आणि पेन्सिल घेऊन रात्रभर हाच त्रिकोण पुन्हा पुन्हा मांडीत बसे. बाहेर तोफांचे गोळे फुटत असले तरी बेरीज चुकून चालत नसे.

या कामात आपलेही लोक होते. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे त्यांतलेच. लँकॅस्टर जातीच्या विमानांवर त्यांनी वाटाड्याचे काम केले, ४५ मोहिमा पुऱ्या केल्या, शौर्यपदक मिळवले आणि ते सुखरूप परतले. ही केवढी नवलाची गोष्ट आहे, ते एका आकड्यावरून कळेल. ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलात सुमारे सव्वा लाख वैमानिक व त्यांचे सोबती होते. त्यांतले ५५,५७३ मेले. त्यांत दहा हजारांच्या आसपास तरुण एकट्या कॅनडातले होते. अशा एका कॅनेडियन पोराची हकीकत आज सांगायची आहे.

टॉर्गर हार्लो टेरम त्याचे नाव. जन्म २२ मे १९२० चा, कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातल्या मायलो या खेड्यातला. तो मुलूख सपाट, गव्हाचा. बाप नॉर्वेहून आलेला. हार्लो लहान असतानाच तो तळ्यात बुडून गेला, आणि आई हिल्डाने मुले वाढवली. पुढे १९४० साली जर्मनीने नॉर्वेवर, म्हणजे त्याच्या बापाच्या देशावर, चाल केली. हार्लो हवाई दलात गेला, वाटाड्याचे शिक्षण घेतले आणि समुद्र ओलांडून इंग्लंडला आला. मित्र त्याला टेरी म्हणत.

१९४३ च्या वसंतात गाय गिब्सन या सेनानीच्या विमानावर त्याची नेमणूक झाली. कामगिरी होती जर्मनीतली धरणे फोडण्याची. त्यासाठी बनवलेला बॉम्ब पाण्यावरून, पोरे भाकऱ्या काढतात तसा, उसळ्या घेत भिंतीकडे जाई. पण तो बरोबर ६० फुटांवरून सोडावा लागे. आपल्या चिंचेच्या झाडाएवढी ही उंची, आणि तीही रात्री! मग विमानाच्या पोटाला दोन दिवे असे तिरपे बसवले, की ६० फुटांवर आले म्हणजे दोन्हींचे कवडसे पाण्यावर एकमेकांना लागावेत. ते कवडसे पाहून ‘खाली, आणखी खाली, बस’ असे सांगणारा हार्लो होता.

१६ मेच्या रात्री १९ विमाने गेली. माणसे १३३. मोने आणि एडर ही दोन धरणे फुटली. आठ विमाने परतली नाहीत, ५३ जण मेले. हार्लो परतला, त्याला पदक मिळाले. धरणाखालच्या खोऱ्यांत मात्र रात्रीतून पाण्याची भिंत शिरली. तेराशेच्या वर माणसे बुडाली, त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी मजूर आणि युद्धकैदी होते. कित्येक बाया तर युक्रेनमधून जबरीने कामाला आणलेल्या. नाथसागराच्या खालच्या अंगाला ज्यांची गावे आहेत, त्यांना हे अधिक फोडून सांगायला नको. पराक्रमाची गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळतात. तो गाळू नये असे मला वाटते.

त्यानंतर गिब्सनला लढाईवरून काढून कॅनडा-अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले. सप्टेंबर १९४३ मध्ये तो कॅलगरी शहरी गेला आणि हार्लोच्या आईला भेटला. दोघे शेजारी बसून छायाचित्रांची वही पाहताहेत, असे चित्र वर्तमानपत्रांसाठी काढले गेले. पोराच्या वरिष्ठाने स्वतः येऊन त्याची वाखाणणी करावी! त्या माउलीला काय वाटले असेल, ते इथे ज्या घरांतून पोरे फौजेत गेली आहेत त्यांनाच विचारावे.

त्याच आठवड्यात, १५ सप्टेंबरच्या रात्री, आठ विमाने डॉर्टमुंड-एम्स कालवा फोडायला निघाली. गिब्सनच्या जागी आता होल्डन नावाचा अधिकारी होता, वाटाड्या हार्लोच. नॉर्डहॉर्न गावाजवळ विमानविरोधी तोफेने त्यांना गाठले. विमानातले सगळे मेले. आठांपैकी पाच विमाने त्या रात्री गेली, आणि कालवा काही फुटला नाही. हार्लो २३ वर्षांचा होता.

गिब्सनही १९४४ च्या सप्टेंबरात पडला. हार्लोचा धाकटा भाऊ लॉर्न विमानात तोफची झाला होता. तो फेब्रुवारी १९४५ मध्ये गेला. युद्ध संपायला तेव्हा तीन महिने उरले होते. हार्लोची कबर जर्मनीत, क्लेव्ह गावाजवळच्या राइक्सवाल्ड अरण्यातल्या दफनभूमीत आहे. तिथे साडेसात हजारांवर दगड ओळीने उभे आहेत.