हात जोडण्याची सक्ती कशासाठी?

शाळेतल्या पूजेत आपल्या मुलांनी हात जोडलेच पाहिजेत काय? नाशिकच्या एका बौद्ध शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती मूलभूत हक्कांचा भंग ठरवली. शिक्षक कोर्टात जाऊ शकला; साकीनाक्याच्या गाळ्यात राबणाऱ्या कामगाराचे पोर कुठे जाणार? त्याच्यासाठी संविधानाचे कलम २८ आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलावर उपासनेची सक्ती करता येत नाही. तेव्हा बंधूभगिनींनो, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाबासाहेबांनी दिलेला हक्क कागदावर ठेवू नका!