पाठीकडून होणारी ओळख

दुकानातला विक्रेता फ्रंट लोड वॉशिंग मशीन दाखवतो ते पुढून. काचेचं गोल दार, चकाकता स्टीलचा ड्रम, पंधरा-वीस प्रोग्रॅम, मोबाइलवरून चालू करायची सोय. मेकॅनिक तेच मशीन भिंतीपासून ओढून घेतो आणि पाठीकडून बघतो. नवं मॉडेल समोर आलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, हे उघडतं कसं? वरचं झाकण किती स्क्रूंवर आहे, पुढचा पत्रा काढण्याआधी दाराच्या रबराची तार सोडवावी लागते का, मोटर पट्ट्यावर चालणारी आहे की थेट ड्रमच्या दांड्यावर बसवलेली, आणि ड्रमला पोटात घेणारा बाहेरचा प्लास्टिकचा टब स्क्रूंनी जोडलाय की दोन अर्धे वितळवून कायमचे चिकटवलेत. माहितीपत्रकात यातली बहुतेक उत्तरं नसतात. मला विचाराल तर मशीन किती वर्षं टिकेल याचा अंदाज या शेवटच्या उत्तरावरूनच बांधावा. त्याकडे पुढे येऊच.

मशीन घरी येतं तेव्हा त्याच्या पाठीत तीन-चार लांबलचक बोल्ट असतात. ट्रकच्या प्रवासात आतला टब आपटू नये म्हणून ते त्याला पेटीशी जखडून ठेवतात. एरवी हा टब कशावरच टेकलेला नसतो. वरून स्प्रिंगांना टांगलेला, खालून शॉकअपनी आवरलेला, आणि जड राहावा म्हणून त्याला काँक्रीटचे ठोकळे बांधलेले. साठ-सत्तर किलोचं मशीन उचलताना हमाल शिव्या घालतात त्याला कारण हे काँक्रीट. बोल्ट न काढता मशीन चालवलं तर टबाचा प्रत्येक झटका सरळ पेटीला बसतो आणि पहिल्याच स्पिनला मशीन घरभर चालायला लागतं. आजही हे होतं, कारण कंपनीचा माणूस येण्याआधी 'एकदा लावून तर बघू' ही घाई कोणाला आवरत नाही. काढलेले बोल्ट जपून ठेवायचे. घर बदलताना ते पुन्हा लागतात, आणि नेमके तेव्हाच सापडत नाहीत.

एवढा जामानिमा कशासाठी, हे आकड्यांतून कळतं. ड्रमचा व्यास अठ्ठेचाळीसेक सेंटिमीटर धरला, तर मिनिटाला साधारण 60 फेऱ्यांच्या पुढे कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटून गोल फिरत राहतात, खाली पडतच नाहीत. म्हणून धुताना वेग त्याच्या आत ठेवतात. वर चढायचं आणि पाण्यात आपटायचं, हीच इथली धुण्याची रीत. पिळताना तोच ड्रम 1200 फेऱ्यांवर जातो आणि कपड्यांवरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 380 पटींच्या वर पोहोचतो. त्या वेगाला एका बाजूला अर्धा किलो वजन जास्त राहिलं, तर दर फेरीला जवळजवळ दोनशे किलोचा हिसका बसेल. अमेरिकेत 1937 साली आलेलं बेंडिक्सचं पुढून दार असलेलं स्वयंचलित मशीन या हिसक्यांपायी चक्क जमिनीला बोल्टने ठोकावं लागे. स्प्रिंगा, शॉकअप आणि काँक्रीट यांनी त्याला जमिनीपासून सोडवलं. आताची मशीनं याच्या पुढे गेली आहेत. स्पिन घेण्याआधी ती ड्रम हळू फिरवून मोटरवरच्या भारातला चढउतार मोजतात, तोल नसेल तर उलटसुलट फिरवून कपडे पसरवायला बघतात, आणि नाहीच जमलं तर पिळायला नकार देतात. एकटी गोधडी टाकली की हे हमखास होतं. ती भिजून एका बाजूला गोळा होऊन बसते. सोबत दोन-तीन टॉवेल टाकले तर बरेचदा तोल सावरतो, मेकॅनिकला फोन करावा लागत नाही.

तोलाचा दुसरा शत्रू आपल्या घराची रचना. बाल्कनीला आणि न्हाणीघराला पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो आणि मशीन ठेवायला जागा उरते ती तिथेच. चार पाय फिरवून पातळी साधता येते, पायाची चकती वर घट्ट आवळली की ती टिकते. पण बहुतेक घरांत खाली चाकांचं स्टँड येतं, 'झाडायला सोपं' म्हणून. चाकांवरचं मशीन आणि 1200 फेऱ्या यांचं जमत नाही, हे स्टँड विकणारा सांगणार नाही.

मग पाणी. मशीनच्या इनलेट व्हॉल्व्हला उघडून नीट पाणी घ्यायला साधारण 0.3 बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली आलं की एक बार मिळतो, म्हणजे टाकीपासून तीन मजले खाली असलेल्या घराला चिंता नाही. पण टाकीच्या थेट खाली राहणाऱ्या सर्वांत वरच्या मजल्याला दोन-तीन मीटरचाच दाब मिळतो, आणि तिथलं नवंकोरं मशीन वारंवार पाण्याची तक्रार करतं. यात मशीनचा दोष नसतो, पण व्हॉल्व्ह मात्र बदलले जातात. बरेचदा व्हॉल्व्हच्या तोंडाची इवलीशी जाळी गाळाने भरलेली असते. ती काढून जुन्या टूथब्रशने घासली की काम होतं.

बोअरचं आणि टँकरचं पाणी हा वेगळाच अध्याय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. कठीण पाण्यात साबणाची ताकद क्षारांशी झगडण्यातच जाते, कपडे स्वच्छ निघत नाहीत म्हणून पावडर वाढते, आणि वाढीव पावडरीचा राप टबाच्या न दिसणाऱ्या बाजूला साचतो. हीटरवर पांढरं कवच चढतं. वर आपण बहुतेक कपडे गार पाण्यातच धुतो, म्हणजे तो राप कधी विरघळतही नाही. मशीन उघडल्यावर येणारा कुबट वास आणि दाराच्या रबराच्या घडीतली काळी बुरशी ही त्याचीच. महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंशांवर किंवा त्याहून गरम चालवावं, दार उघडं ठेवावं, रबराची घडी पुसावी. यापलीकडे फार काही लागत नाही. पण विचारून पाहा.

"ताई, पावडर किती टाकता?"

"एक मग भरून. फेस नको का यायला?"

नको. हाताने धुण्याच्या पावडरीचा फेस ड्रमच्या भोवती गादीसारखा भरतो, आपटण्याचा जोर खातो, पिळताना पाणी बाहेर पडू देत नाही आणि पाण्याची पातळी मोजणाऱ्यालाही चकवतो. 'मॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत फेस दाबणारं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. फेस आला नाही म्हणजे धुतलं गेलं नाही, ही समजूत बादलीतून मशीनमध्ये आली आहे.

पातळी मोजण्याची युक्ती मला मात्र फार आवडते. टबाच्या तळाशी एक छोटी कुपी, तिच्यातून निघालेली बारीक रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला प्रेशर स्विच. पाणी चढलं की नळीतली हवा दबते. त्या दाबावरून कार्डाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीला, कळतं की पाणी किती आलं. जुना स्विच 'टक' करायचा, नवा विद्युत संकेत पाठवतो, पण नळीत अडकलेली हवा तीच आहे. कुपीत गाळ बसला किंवा नळीला चीर गेली तर सगळं हुशार मशीन आंधळं.

इथूनच पडद्यावर येणाऱ्या बिघाडाच्या कोडची गंमत सुरू होते. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बटणांची एक जोडी दिलेली असते, ती दाबून मशीन चाचणीच्या अवस्थेत जातं आणि व्हॉल्व्ह, पंप, मोटर, हीटर एकेक करून चालवून बघता येतात. नव्या पोरांना वाटतं, कोड वाचला की दुरुस्ती झाली. पण दुखतं कुठे एवढंच कोड सांगतो, रोग कुठे आहे ते सांगत नाही. 'पाणी येत नाही' असा कोड आला. नळ चालू, दाब ठीक, व्हॉल्व्ह ठीक. मग जुना मेकॅनिक खाली वाकून बघतो. ड्रेन पाइपचं तोंड न्हाणीच्या जाळीवर, जमिनीवर सोडलेलं असतं. ते साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवायचं असतं, नाहीतर आलेलं पाणी मागच्या मागे निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. पाइप वर बांधला, काम झालं. फी घेताना त्यालाच संकोच वाटतो.

'पाणी जात नाही' याचं उत्तर बहुधा पुढे खाली उजवीकडच्या छोट्या झाकणामागे असतं. तिथल्या फिल्टरमध्ये नाणी, शर्टाची बटणं, सेफ्टी पिना, काळे मणी, मोज्यांचे धागे, असं घरातलं सगळं भेटतं. झाकणाशेजारच्या बारीक नळीतून आधी पाणी काढून घ्यावं, मगच फिल्टर फिरवावा. अन्यथा फरशीवर तळं.

वीज हा भाग मला थोडक्यात आटपावासा वाटतो, कारण तिथे मेकॅनिकच्या हातात फार उरलेलं नाही. कार्डावर ओल चढू नये म्हणून ते चिकट लेपात बुडवलेलं असतं. पावसाळ्यासाठी ते चांगलं, पण एखादा घटक बदलायचा तर आधी लेप खरवडावा लागतो. बरेच जण ते न करता कार्डच बदलून देतात. न्यूट्रल तुटून जादा दाब आला की कार्डावरचा व्हॅरिस्टर स्वतः फुटून बाकीच्यांना वाचवतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत असे सुटे घटक मिळतात. आणि पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मशीनपेक्षा आधी घराचं अर्थिंग तपासावं.

मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी ही जाहिरातीतली मोठी ओळ. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजत, पट्टा सैल होई. थेट दांड्यावर बसणाऱ्या मोटरला ब्रशही नाहीत आणि पट्टाही नाही. मागच्या झाकणाआड मधला एक बोल्ट काढला की चुंबकांची थाळी हातात येते. ती सहसा बिघडतच नाही, म्हणून कंपनीला दहा वर्षांचं वचन देणं परवडतं. त्या वचनात बाकीचे भाग धरलेले नसतात, आणि बिघाड असतो तो नेमका त्यांच्यातच.

मोठा बिघाड बहुतेकदा असतो तो ड्रमच्या मागे. स्टीलच्या ड्रमला पाठीमागून तीन पायांचा अॅल्युमिनिअमचा स्पायडर पकडून असतो, त्याच्या मध्यातला दांडा दोन बेअरिंगांतून बाहेर येतो, आणि पाणी अडवायला तेलाचं सील. आतला राप अॅल्युमिनिअमला वर्षानुवर्षं खातो. सील गळलं की बेअरिंगात पाणी जातं आणि स्पिनला 'विमान उडतंय' अशी तक्रार येते. रिकामा ड्रम हाताने फिरवून, काठ वर उचलून बघितलं की खुळखुळ कळते. ही बेअरिंगं 6205, 6206 अशा साध्या मापांची, काहीशे रुपयांत मिळणारी. टब स्क्रूंचा असेल तर एका दिवसाचं काम. टब चिकटवलेला असेल, तर कंपनी म्हणते, टब-ड्रम अख्खा घ्या. तो खर्च ऐकून लोक नवं मशीनच घेतात.

युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं पुरवण्याची सक्ती केली. पण त्या नियमातच ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग 'सुटी किंवा एकत्र' देण्याची मुभा आहे, म्हणजे चिकटवलेला टब नियमात बसतो. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. खरेदीआधी टब कसा जोडलाय हे तिथे शोधण्यापेक्षा जवळच्या मेकॅनिकला मॉडेल नंबर दाखवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. गोव्यात वेर्ण्याला आयएफबी कंपनीचा मशीनचा कारखाना आहे, पण कुठल्या गावचं मशीन यापेक्षा कुठल्या मॉडेलचा टब, हे विचारलेलं बरं.

काही मेकॅनिक चिकटवलेला टबही सोडत नाहीत. शिवणीच्या कडेने आधी भोकं पाडून ठेवतात, म्हणजे नंतर दोन्ही अर्धे जुळतात. मग करवतीच्या पात्याने कापतात, बेअरिंग आणि सील बदलतात, सिलिकॉन लावून स्क्रूंनी आवळतात. पण बेअरिंग आणायला जाण्याआधी ते दांड्यावरच्या पितळी बाहीवरून नख फिरवून बघतात. सीलने तिथे खोबण पाडली असेल तर नख अडतं, आणि नवं सीलही काही महिन्यांत गळणार हे ठरलेलं. अशा वेळी दांड्यासकट नवा स्पायडर लागतो. तो त्या मॉडेलला सुटा मिळतो की नाही, हे फोन करून विचारेपर्यंत कापलेला टब तसाच बाजूला पडून राहतो.