इंग्रजीतील ‘ली’ प्रत्यय : मूळ व उपयोग

‘ज्या शब्दाच्या शेवटी ली, तो क्रियाविशेषण’ असा सुटसुटीत नियम इंग्रजीच्या तासाला मुलांकडून पाठ करून घेतला जातो. परंतु ‘फ्रेंडली’, ‘ब्रदरली’ हे शब्द समोर आले की तो नियम लटका पडतो. कारण ही विशेषणे होत. मुलाने नियम पाळावा आणि तरीही त्याचे उत्तर चुकावे, यात दोष मुलाचा नव्हे, नियमाचा आहे. प्रत्ययाचे मूळ पाहिले म्हणजे हा घोटाळा मिटतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लीच’ या शब्दाचा अर्थ देह असा होता. तो नामाला जोडला की ‘त्याच्या रूपाचा’ असा अर्थ निघे. फ्रेंडली म्हणजे मित्राच्या रूपाचा, मित्रासारखा. ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ हा शब्दही त्याच मुळाचा. विशेषणाचे क्रियाविशेषण करताना त्या काळी शेवटी ‘ए’ हा स्वर लावीत. पुढे हा स्वर व ‘च’ ही दोन्ही झिजली आणि दोन्ही प्रत्ययांचे एकच ‘ली’ हे रूप उरले. मराठीत ‘सुखरूप’ या शब्दात ‘रूप’ असाच शेवटी येतो. ‘मुलगा सुखरूप आहे’ येथे तो शब्द विशेषण, तर ‘मुलगा सुखरूप पोहोचला’ येथे क्रियाविशेषण होतो.

वर्गात पुढील कसोटी लावावी. शब्दातून ‘ली’ काढून पाहावा. मागे नाम उरले, तर शब्द बहुधा विशेषण असतो. जसे ‘फ्रेंड’, ‘ब्रदर’, ‘कॉवर्ड’. मागे विशेषण उरले, तर तो बहुधा क्रियाविशेषण असतो. जसे ‘स्लो’, ‘क्विक’. ‘डेली’, ‘वीकली’ हे कालवाचक शब्द दोन्ही कामे करतात. ‘फॅमिली’ या शब्दात मात्र हा प्रत्यय नाहीच.

‘हार्ड’ व ‘फास्ट’ यांविषयी विशेष सावध राहावे. त्यांच्या अंती असलेला जुना ‘ए’ गळाल्याने त्यांची क्रियाविशेषणे विशेषणांसारखीच दिसतात. त्यांना ‘ली’ लावण्याचे कारण नाही. ‘हार्डली’ या शब्दाचा अर्थ ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ असा आहे. ‘ही वर्क्स हार्ड’ या वाक्यात ‘हार्डली’ घातले, तर कष्टाळू मनुष्य एका प्रत्ययाने आळशी ठरतो.

शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखावेत आणि पाठ्यपुस्तकातील असे शब्द मुलांकडूनच निवडून त्यांत लिहवून घ्यावेत. शब्द कोणत्या रकान्यात व का, हे मुलाने स्वतः सांगितले म्हणजे नियम पाठ करविण्याची गरज उरत नाही.