माळ्यावरचा डबा

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आपल्या घरात आपल्याखेरीज आणखी काय काय नांदत होते याचा पत्ता लागतो. गेल्या वर्षी आमच्या माळ्यावर, प्रवासाच्या बॅगांमागे, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटले, तर आत एक छोटी पेढीच निघाली. संक्रांतीचा हलवा, एके काळी पांढरा, गुलाबी आणि पिवळा, आता ढेकळासारखा एकमेकांना चिकटलेला. वहीच्या कागदात गुंडाळलेल्या तिळाच्या वड्या. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी, दोऱ्यासकट. वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसांची चॉकलेटे आणि तळाशी लिमलेटच्या गोळ्या. जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंतचा सगळा हिशेब होता. फक्त खर्चाची बाजू कोरी होती.

पेढीचे मालक म्हणजे आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव. त्यांना पाचारण केले. "ते माझं आहे," एवढेच बोलून ते डब्यापाशी मांडी घालून बसले.

मला रागावता येईना. आमच्या लहानपणी संक्रांतीच्या संध्याकाळी आम्ही मुले छोट्या डब्यांत हलवा घेऊन घरोघर हिंडत असू. चार दाणे द्यायचे, चार घ्यायचे, मोठ्यांच्या पाया पडायचे. घरी परतलो की डब्यात साऱ्या आळीचा हलवा मिसळलेला असे आणि कुठला दाणा कोणाकडचा हे आम्हांला बिनचूक सांगता येई. तो खाण्यापेक्षा मोजण्यात आनंद जास्त होता. चिरंजीवांनी पुढे फक्त मोजणेच चालू ठेवले होते.

त्यातून या हलव्यातला काही भाग सासूबाईंच्या हातचा. विकतचा हलवा सगळीकडे मिळतो, पण त्या अजून दर वर्षी थोडा तरी घरी करतात. मंद आचेवर परात, तीत तीळ किंवा खसखस, आणि वरून चमचाभर पाक. बोटांनी सारखे हलवत राहायचे. वाळले की पुन्हा पाक, पुन्हा हलवणे. असे दोन-तीन दिवस चालते. पाक फार पडला तर गोळे होतात, आच वाढली तर रंग जातो. थंडीत काटा चांगला येतो असे त्या सांगतात. घरात नवी सून आली किंवा बाळाचे बोरन्हाण असले, की याच दाण्यांचे दागिने व्हायचे. असा हलवा कचऱ्यात टाका असे सासूबाईंच्या देखत म्हणण्याची माझी छाती नव्हती.

पण खाण्याजोगे त्यात उरले होते काय? साखर स्वतः नासत नाही. इतक्या दाट गोडीत जंतूंना जगण्यापुरते पाणीच मिळत नाही. हलवा बिघडतो तो पावसाळ्यात ओल धरून. काटा मोडतो आणि दाणे चिकटतात. गुळाचे याहून अवघड. गुळात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते, आणि फ्रुक्टोज हवेतली ओल भराभर ओढून घेते. म्हणून वड्या पाझरतात. त्यात तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच. कूट केले की त्याला हवा लागते आणि काही महिन्यांत ते खवट होते. चॉकलेटांवर पांढुरका थर आला होता. तो बुरशीचा नव्हे. उन्हाळ्यात चॉकलेटातले लोणी वितळून वर येते आणि पुन्हा थिजते, तो. अपायकारक नाही, पण चव जाते. थोडक्यात, वड्या बाद, हलवा संशयित, गाठी तेवढ्या ठणठणीत.

आणि मग मी जे बोलले, ते लिहायला आजही जड जाते. "मावशींच्या मुलांना देऊन टाकू." मावशी म्हणजे आमच्याकडे बारा वर्षे कामाला येणाऱ्या बाई.

चिरंजीवांनी मान वर केली. "पण खराब झालंय म्हणूनच आपण खात नाही ना?"

उत्तर सुचेना. तेवढ्यात हातात केरसुणी घेऊन मावशी दारात उभ्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. म्हणाल्या, "ताई, गेल्या साली दिलेला चिवडा पण खवट होता. पोरांना म्हटलं, राहू द्या. आमच्यात पण दिवाळी करतात की. पाडव्याला मी करंज्या आणते तुमच्यासाठी, त्या ताज्या असतात." आणि केर काढायला लागल्या.

त्या करंज्या आणतात हे खरे आहे. दर वर्षी, स्टीलच्या डब्यात, वर धुतलेला रुमाल बांधून. दोन वर्षांपूर्वी घरात फराळाचा ढीग होता म्हणून मी तो डबा उघडला आणि तसाच खालच्या वॉचमनला देऊन टाकला. हे मावशींना ठाऊक नव्हते, मला होते. वीस वर्षे वर्गात दान आणि दया या शब्दांवर बोलणारी बाई मी. त्या दिवशी वड्या मुकाट्याने केराच्या टोपलीत टाकल्या.

उरलेल्या खाऊचा विचार खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला. मुलाला सगळा खाऊ देऊन मोकळे व्हावे, हा एक मार्ग. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी भाग यावा. दिवसाला १६०० कॅलरी धरल्या तर ही मर्यादा ४० ग्रॅमची, म्हणजे दहा लहान चमचे. आणि त्यात दूध, बिस्किटे, सरबत यांतली साखरही आली. गूळसुद्धा यातच मोजायचा, हे सासूबाईंना अजून पटलेले नाही.

दातांचा हिशेब निराळा. स्वीडनमधल्या लुंड येथे व्हिपेहोल्म इस्पितळात १९४५ नंतर काही वर्षे मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून दात किती किडतात ते पाहिले गेले. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती काळ चिकटून राहिली, याला महत्त्व अधिक. जेवणाच्या मधल्या वेळेतली चिकट गोळी सर्वांत वाईट. पुढे तिकडे मुलांना शनिवारीच गोळ्या द्याव्यात असा प्रघात पडला. ज्ञान खरे, पण ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशांच्या दातांवर मिळवलेले. त्या प्रयोगाची निंदा आजही होते.

शनिवारचा तो प्रघात मात्र आम्ही उचलला. यंदा संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी डबा ताटात रिकामा केला. घरच्या हलव्याचे दाणे चिरंजीवांनी स्वतः वेचून बरणीत भरले. दर शनिवारी जेवणानंतर मूठभर. जास्तीच्या वड्या खलबत्त्यात कुटल्या, भाजलेले बेसन आणि थोडा गूळ घालून त्यांच्या गूळपोळ्या केल्या. इतक्या खमंग आमच्याकडे पूर्वी झाल्या नव्हत्या. विकतचा रंगीत हलवा पाण्यात विरघळवून, गाळून, त्याचे लिंबाचे सरबत केले. रंग जरा संशयास्पद आला, पण मुलांनी प्यायले. पाडव्याच्या गाठी उन्हाळ्यात पन्ह्यात गेल्या. चॉकलेटे मात्र कोणत्याच युक्तीला दाद देत नाहीत. ती मिळाली त्याच दिवशी मित्रांत वाटायची, असे ठरले आहे. निम्म्या वेळा ते पाळले जाते.

आणि द्यायचे ते संक्रांतीच्या दिवशीच, देवापुढे ठेवलेल्या ताज्या वड्यांतून. त्या संध्याकाळी मावशींची धाकटी आपला डबा घेऊन आमच्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही मी बोलावल्यावर. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत तिने माझ्या हातावर चार दाणे ठेवले आणि पाया पडली. मग ती आणि चिरंजीव जिन्यात बसून बराच वेळ हलव्याची अदलाबदल करत होती. एका हिरव्या दाण्याला दोन पांढरे, असा काहीसा भाव ठरला होता.

मावशींनी गेल्या दिवाळीतही करंज्या आणल्या. रुमाल सोडला आणि त्यांच्यासमोरच एक खाल्ली. सारणात तीळ आणि खसखस होती. यंदाही त्या आणतील. त्या आधीच्या डब्याचे मी काय केले होते, ते त्यांना अजून सांगितलेले नाही.