निवळशंख पाण्यांतील अदृश्य दोष

पाणी निवळशंख दिसलें आणि जिभेला गोड लागलें, म्हणजे तें पिण्यास निर्धोक आहे, असा सार्वत्रिक समज असतो. तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्याचा अनुभव या समजाच्या अगदीं विरुद्ध आहे.

मराठवाड्याप्रमाणेंच पूर्वीं निजामाच्या राज्यांत असलेल्या या प्रदेशाच्या पोटांत ग्रॅनाइटचा कठीण खडक पसरलेला आहे. पाऊस बेताचा, म्हणून आधीं विहिरी आणि पुढें कूपनलिका यांवरच खेड्यांची तहान भागत आली. खडकाच्या भेगांतून पाणी सावकाश झिरपतें व दीर्घकाळ खडकाच्या सहवासांत राहतें. त्या अवधींत खडकांतील कांहीं खनिजांमधील फ्लोराइड त्यांत उतरतें. पाण्यांत कॅल्शियमचा अंश कमी असल्यास हें प्रमाण अधिकच वाढतें.

भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत १ मिलिग्राम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा होय. दुसरी सोय नसेल, तर १.५ पर्यंत चालवून घेतात. याहून अधिक फ्लोराइडचें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. पुढें सांधे आखडतात, कणा ताठतो आणि कांहींचे पाय वांकतात. १९३७ सालीं तत्कालीन मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत या व्याधीची शास्त्रीय नोंद झाली. हाडांत एकदां जडलेली विकृति औषधानें मूळपदावर येत नाहीं. म्हणूनच पाण्याची परीक्षा आधीं व्हावयास हवी.

ही परीक्षा दुहेरी असते. फ्लोराइड, नायट्रेट इत्यादींसाठीं प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानें विसळून भरतात. जंतुपरीक्षेसाठीं मात्र निर्जंतुक केलेली बाटली न विसळतां भरून, थंड ठेवून, चोवीस तासांच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचवावी लागते. पावसाळ्यापूर्वीं व नंतर अशी दोनदां तपासणी करणें इष्ट. कारण ऋतूप्रमाणें पाण्याचे गुण पालटतात. एका विहिरीच्या परीक्षेवरून शेजारच्या विहिरीचा निर्वाळा देतां येत नाहीं.

दोष कोणता, यावर उपाय ठरतो. उकळल्यानें जंतु मरतात, परंतु फ्लोराइड जात नाहीं. उलट पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण किंचित् वाढतें. त्यासाठीं नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें ‘नलगोंडा पद्धति’ सिद्ध केली. परीक्षेनें ठरविलेल्या प्रमाणांत चुना व तुरटी घालून पाणी ढवळतात. गाळाबरोबर फ्लोराइड तळाशीं बसतें आणि वरचें पाणी गाळून घेतात. अलीकडे कृष्णेचें शुद्ध केलेलें पाणी नळांनीं खेड्यांत नेण्याचा मार्गही शासनानें स्वीकारला आहे.

खडकाचा दोष ओळखून टाळावा लागतो. जंतु व नायट्रेट हे बहुतांशीं माणसाचे दोष असून ते होऊं न देणें त्याच्याच हातीं आहे. शौचखड्डा व उकिरडा विहिरीपासून दूर असावा, तिच्याभोंवतीं पक्का ओटा असावा, सांडपाणी वाहून जावें आणि शेतांत खत मापानेंच पडावें. शहरांतही अनेक घरांच्या आवारांत कूपनलिका आहेत. त्यांचें पाणी पिण्यास घेण्यापूर्वीं प्रयोगशाळेकडे एक बाटली धाडणें, हें गृहस्थाचें पहिलें कर्तव्य होय.