अस्वलाखालचा मुलूख

एप्रिलमध्ये तोरण्यावर किंवा राजगडावर मुक्काम पडला, तर रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले दिसतात. ग्रामीण महाराष्ट्रात यांतल्या चार ताऱ्यांना म्हातारीची बाज म्हणतात, आणि उरलेले तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. ग्रीकांना मात्र तिथे अस्वल दिसलं. पृथ्वीच्या उत्तर टोकाच्या थंड प्रदेशाला आज जग ‘आर्क्टिक’ म्हणतं, ते या अस्वलामुळे.

ग्रीकमध्ये अस्वलाला ‘आर्क्टोस’ म्हणत. त्यावरून ‘आर्क्टिकोस’ म्हणजे अस्वलाकडचा, म्हणजेच उत्तरेचा. ध्रुवावरच्या पांढऱ्या अस्वलांमुळे हे नाव पडलं, अशी अनेकांची समजूत असते. पण नाव ठेवणाऱ्यांची नजर आकाशाकडे होती. पुढे दक्षिणेच्या टोकाला ‘अंटार्क्टिक’, अर्थात अस्वलाच्या समोरचा, हे नाव मिळालं. तिथे अस्वलं नाहीतच, हा योगायोग.

आपल्याकडेही हे अस्वल होतं. संस्कृत ‘ऋक्ष’ आणि ग्रीक ‘आर्क्टोस’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. जांबवानाला ऋक्षराज म्हणतात, तोच हा ऋक्ष. ऋग्वेदात उंचावर ठेवलेल्या, रात्री दिसणाऱ्या आणि दिवसा नाहीशा होणाऱ्या ऋक्षांचा उल्लेख येतो. शतपथ ब्राह्मण तर स्पष्टच सांगतं, की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. पुढे अस्वलं गेली, ऋषी आले.

बाजेच्या दांडीचा, म्हणजे त्या तीन चोरांचा, बाक तसाच पुढे वाढवला की नारिंगी झाक असलेला ठळक तारा लागतो. ही आपली स्वाती. ग्रीकांनी तिला ‘आर्क्टुरस’ म्हटलं, म्हणजे अस्वलाचा राखणदार. सूर्य ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती नक्षत्रात जातो. तेव्हा तोरणा-राजगडाखालच्या भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भात कापणीला आलेलं असतं. शिंपल्यात मोती पिकवणारा म्हणून स्वातीचा पाऊस कौतुकाचा खरा, पण कापून पसरलेल्या भाताला तो सोसत नाही.

‘आर्क्टिक’चा अर्थही एका जागी थांबला नाही. ग्रीक खगोलज्ञ ‘आर्क्टिक वर्तुळ’ म्हणत ते आकाशातलं होतं: त्याच्या आतले तारे कधीच मावळत नाहीत. साहजिकच गाव बदललं की वर्तुळही बदलायचं. होमरनं वर्णन केलेलं अस्वल समुद्रात कधी बुडत नाही. भोरला मात्र ते बुडतं. इथला अक्षांश साधारण 18 अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून 18 अंशच वर. सप्तर्षींपैकी एकही तारा ध्रुवाच्या तेवढा जवळ नाही, त्यामुळे ते सगळे उगवतात आणि मावळतात.

आज नकाशावर या नावाची रेघ साधारण 66 अंश 33 कलांवर असते. तिच्या उत्तरेला वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि निदान एक दिवस उगवत नाही. हवामानाचे अभ्यासक वेगळी सीमा मानतात: जुलैचं सरासरी तापमान 10 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, तो आर्क्टिक. वनस्पतींचे अभ्यासक झाडं संपतात तिथपासून पुढचा मुलूख धरतात.

आभाळावरून मुलखाला नाव देण्याची रीत भोर-वेल्ह्यालाही परकी नाही. हिरडस मावळ, गुंजण मावळ या नावांतला ‘मावळ’ सूर्य मावळतो त्या बाजूचा, म्हणजे पश्चिमेचा. सह्याद्रीच्या या खोऱ्यांना दिशा सूर्यानं दिली, तिकडे अस्वलानं.

मराठी वाचकाचा आर्क्टिकशी संबंध आला तो लोकमान्य टिळकांमुळे. वैदिक लोकांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1903 मध्ये निघाला. आजचे विद्वान तो सिद्धान्त स्वीकारत नाहीत; पण दीर्घ उषा आणि लांबलेल्या रात्रींचे वैदिक उल्लेख त्यांनी ज्या चिकाटीनं तपासले, ती आजही थक्क करते. टिळकांचा बंगला सिंहगडावर आहे, आणि त्या गडावरून राजगड-तोरणा समोरच दिसतात.

2008 मध्ये भारतानं स्वालबार्ड बेटांवर, जवळपास 79 अंश उत्तरेला, ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केलं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. हिमाद्रीवर ध्रुवतारा जवळजवळ डोक्यावर असतो आणि सप्तर्षी कधीच मावळत नाहीत.