बेपत्ता आदिवासी स्त्रिया आणि कुटुंबांचा शोध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३.७ टक्के आहे. जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर राहतात, मावळ, मुळशी, भोरकडच्या डोंगरउतारांवर कातकरी वाड्या आहेत आणि शहराच्या कडेला पारध्यांची पालं पडतात. या घरांतल्या बायका आणि मुली बांधकामावर, वीटभट्टीवर, घरकामाला, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत किंवा शिक्षणासाठी शहरात येत-जात असतात. त्यांच्यापैकी एखादी परतली नाही, की घरच्यांना पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल करावी लागते. या नोंदीभोवती आणि तिच्यापुढच्या तपासाभोवती बरेच गैरसमज आहेत. काही कुटुंबांच्या मनात असतात, काही ठाण्याच्या टेबलापलीकडून ऐकायला मिळतात आणि काही बातम्यांतून पसरतात.

गैरसमज १ : चोवीस तास उलटल्याशिवाय तक्रार घेता येत नाही

वस्तुस्थिती : असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. व्यक्ती हरवल्याचे लक्षात येताच नोंद करता येते आणि ती पोलिसांनी करून घ्यायची असते. पहिल्या काही तासांचे महत्त्व व्यावहारिक आहे. मोबाईल चालू असतो, एसटी स्थानक, रेल्वे स्थानक आणि दुकानांतले सीसीटीव्ही चित्रण पुसले गेलेले नसते आणि तिला शेवटचे पाहणाऱ्या माणसांच्या आठवणी ताज्या असतात. नोंदीच्या वेळी अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, गोंदण किंवा जन्मखूण, मोबाईल क्रमांक आणि शेवटी ती कोणाबरोबर दिसली एवढा तपशील पुरेसा असतो. आधार कार्ड किंवा जातीचा दाखला जवळ नाही म्हणून नोंद थांबवता येत नाही.

गैरसमज २ : मिसिंग दाखल झाली म्हणजे गुन्हा दाखल झाला

वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरक वयाचा आहे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर नुसत्या मिसिंगवर भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिलेल्या आदेशानुसार हरवलेल्या प्रत्येक बालकाबाबत अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली असावी असे गृहीत धरून प्रथम माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवणे बंधनकारक आहे. चार महिन्यांत शोध लागला नाही, तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे देता येतो.

प्रौढ स्त्रीबाबत मात्र आधी केवळ हरवल्याची नोंद होते. तपासाचे कायदेशीर अधिकार खऱ्या अर्थाने लागू होतात ते गुन्हा दाखल झाल्यावर. म्हणून धमकी, मारहाण, पैशाचा व्यवहार, मुकादमाशी झालेले भांडण, नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष यांपैकी काहीही माहीत असेल, तर ते जबाबात लिहून घेतले जाणे निर्णायक ठरते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवावाच लागतो, हे ‘ललिताकुमारी’ निकालाने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. मानवी वाहतुकीची माहिती मिळूनही ती न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार किमान सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा आहे.

वयाचा मुद्दा आदिवासी मुलींच्या बाबतीत जास्त नाजूक होतो. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मनोंद आणि तीही नसल्यास वैद्यकीय चाचणी असा क्रम आहे. आईबापांबरोबर भट्टीवर फिरणाऱ्या मुलीकडे पहिल्या दोन्ही गोष्टी अनेकदा नसतात. मग ‘दिसायला अठराची आहे’ एवढ्यावर ती प्रौढ ठरवली जाण्याचा आणि अपहरणाचा गुन्हा साध्या मिसिंगवर येऊन थांबण्याचा धोका असतो.

गैरसमज ३ : मोठी बाई आहे, स्वतःहून गेली असेल

वस्तुस्थिती : बऱ्याच स्त्रिया खरोखर स्वतःहून जातात. घरातला छळ, मनाविरुद्ध ठरलेले लग्न, आवडीच्या जोडीदाराबरोबर राहण्याची इच्छा अशी कारणे त्यामागे असतात. प्रौढ स्त्रीला तो अधिकार आहे आणि ती सापडल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिला घरी पाठवता येत नाही. पण ती स्वतःहून गेली की नाही, हे तिला शोधून तिचा जबाब घेतल्यावरच कळते. शोध सुरू होण्याआधीच तसे ठरवून टाकले, की तपासाचा निष्कर्ष तपासाच्या जागी बसतो.

शिवाय स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडलेली स्त्रीही पुढे गुन्ह्याला बळी पडू शकते. फसवून, आमिष दाखवून किंवा तिच्यावर ताबा असलेल्याला पैसे देऊन पिळवणुकीसाठी नेणे ही न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार मानवी वाहतूक आहे. अशा वेळी तिने संमती दिली होती का, हा प्रश्न कायद्याने गैरलागू ठरवला आहे.

गैरसमज ४ : मुली पळवणारी टोळी अनोळखी असते आणि परराज्यातच नेते

वस्तुस्थिती : आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत ओळखीचा माणूसच दुवा असण्याची शक्यता मोठी असते. रायगड, ठाणे, पालघर आणि पुण्याच्या सीमेवरील कातकरी कुटुंबे पावसाळ्यापूर्वी किंवा सणासुदीला मालकाकडून उचल घेतात आणि ती फेडण्यासाठी पावसाळ्यानंतरचे सहा-सात महिने वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात. हिशेब मालकाच्या वहीत असतो. उचल फिटली नाही की माणूस अडकतो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिम जमातींपैकी एक आहे. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात उभाडे येथील सुमारे दहा वर्षांच्या कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले, की त्या भागातली अनेक मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे कामाला ठेवली गेली होती. त्यांचा पत्ता घरच्यांना नीट माहीत नव्हता, तरी ती कोणत्याही नोंदवहीत ‘बेपत्ता’ नव्हती. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे आणि उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘कामावर गेलीय’ असे सांगितल्या जाणाऱ्या मुलीचा ठावठिकाणा लागत नसेल, तर तीही हरवलेलीच समजायला हवी.

गैरसमज ५ : आदिवासी कुटुंबे तक्रारच करत नाहीत, त्यांना भटकंतीची सवय असते

वस्तुस्थिती : तक्रार उशिरा होते किंवा होत नाही, त्याची कारणे सवयीत नाहीत. ठाणे दूर असते, एका फेरीत दिवसाची मजुरी जाते आणि पोलिसांची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण परिसरात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जाण्याची रीत मागे राहिली. जिथे संशयित म्हणून नेले जाते, तिथेच फिर्यादी म्हणून जाणे सोपे नसते.

तक्रार करणाऱ्याला काय भोगावे लागू शकते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण १९७२ चे आहे. मार्च महिन्यात एका आदिवासी मजूर मुलीच्या भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात दिली. जबाबासाठी बोलावलेल्या त्या मुलीवर ठाण्याच्या आवारातच पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने नोंद असलेल्या निकालात १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलून कोठडीतील बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला.

गैरसमज ६ : हद्द आमची नाही म्हटल्यावर काही करता येत नाही

वस्तुस्थिती : पुण्यात हा प्रश्न नेहमीचा आहे, कारण एका जिल्ह्यात तीन पोलीस यंत्रणा आहेत : पुणे शहर आयुक्तालय, २०१८ मध्ये सुरू झालेले पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण. जुन्नर तालुक्यातली मुलगी भोसरीत कामाला असेल आणि शिवाजीनगरच्या बसथांब्यावर शेवटची दिसली असेल, तर तिचा मामला तिन्ही यंत्रणांना स्पर्श करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ठाण्याने ‘झिरो’ क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य हद्दीत पाठवायचा असतो. फिर्यादीला किंवा पीडिताला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हरवलेल्या स्त्रीला कोणी बेकायदा डांबून ठेवल्याचा ठोस संशय असेल, तर मुंबई उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस) याचिका हा मार्ग आहे.

गैरसमज ७ : लाखो स्त्रिया बेपत्ता, म्हणजे लाखो स्त्रिया विकल्या गेल्या

वस्तुस्थिती : केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १८ वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात हे आकडे अनुक्रमे १,७८,४०० आणि १३,०३३ होते. ही हरवल्याच्या नोंदींची बेरीज आहे; नंतर परतलेल्या किंवा सापडलेल्या स्त्रिया तीतून वजा केलेल्या नाहीत. म्हणून ‘बेपत्ता झालेल्या’ आणि ‘अजून न सापडलेल्या’ हे दोन आकडे एक समजू नयेत. मोठा आकडा दाखवून भीती पसरवली, तर मुलींचे घराबाहेर पडणे बंद होते. ज्या खरोखर सापडलेल्या नाहीत त्यांच्या फायलींकडे मात्र लक्ष जात नाही.

गैरसमज ८ : हा कॅनडा-अमेरिकेतल्या मूलनिवासी स्त्रियांचा प्रश्न आहे, इथे तसे काही नाही

वस्तुस्थिती : तिथे मोजणी झाली, म्हणून प्रश्न दिसला. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने २०१४ मध्ये १९८० ते २०१२ या काळातील १,०१७ हत्या आणि १६४ बेपत्ता अशा १,१८१ मूलनिवासी स्त्रियांची नोंद जाहीर केली. कुटुंबांच्या दीर्घ मागणीनंतर राष्ट्रीय चौकशी आयोग नेमला गेला आणि जून २०१९ मध्ये त्याने २३१ शिफारशींचा अहवाल दिला. अमेरिकेत २०१६ या एका वर्षात मूलनिवासी स्त्रिया व मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी होत्या. न्याय विभागाच्या बेपत्ता व्यक्तींच्या माहितीसंचात त्यांपैकी केवळ ११६ पोचल्या होत्या. २०२० मध्ये तिथे नोंदी आणि तपासातला समन्वय सुधारण्यासाठी दोन कायदे झाले.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग बेपत्ता व्यक्तींचे जे तक्ते प्रसिद्ध करतो, त्यांत लिंग आणि वय दिसते, जमात दिसत नाही. अनुसूचित जमातींवरील गुन्ह्यांचा तक्ता वेगळा असतो, त्यात खून मोजले जातात. पण ते अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आलेलेच असतात. म्हणजे खून झालेली आदिवासी स्त्री आकडेवारीत अंशतः दिसते, हरवलेली दिसत नाही. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यातच आहे, मात्र बेपत्तांच्या नोंदी गृह खात्याच्या अखत्यारीत येतात. रकाना नसल्यामुळे कोणत्या तालुक्यातून, कोणत्या हंगामात, कोणत्या कामाच्या वाटेवर या मुली नाहीशा होतात, याचे चित्र तयारच होत नाही.

गैरसमज ९ : बेवारस मृतदेहावर अंत्यसंस्कार झाले की शोध संपला

वस्तुस्थिती : ओळख न पटलेला मृतदेह सापडला, की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा आणि शवविच्छेदन होते, पुणे शहरात ते मुख्यतः ससून रुग्णालयात होते. फोटो, कपडे, गोंदण, दागिने आणि डीएनएसाठी घेतलेले नमुने मागे राहतात. आईवडील किंवा मुलांच्या रक्तनमुन्याशी ते जुळवून ओळख पटवता येते. अशा चाचण्या करणारी प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गणेशखिंडला आहे. खरी अडचण असते ती एका ठाण्यातली मिसिंग आणि दुसऱ्या ठाण्यातला अकस्मात मृत्यू एकमेकांशी ताडून पाहण्याची. हरवल्याच्या दिवसानंतर शेजारच्या जिल्ह्यांत सापडलेल्या अनोळखी मृतदेहांची पडताळणी झाली का, हे कुटुंबाला तपास अधिकाऱ्याला लेखी विचारता येते. मृत्यू घातपाताने झाल्याचे दिसले, तर अकस्मात मृत्यूच्या नोंदीवरून खुनाचा गुन्हा दाखल होतो.

गैरसमज १० : तपासाची माहिती मागण्याचा कुटुंबाला अधिकार नाही

वस्तुस्थिती : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची असते. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत असेल, तर तपास उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. या कायद्याच्या कलम १५ अ मुळे पीडित व्यक्ती आणि तिच्या नातेवाइकांना जामिनासह न्यायालयातील कामकाजाची आगाऊ सूचना मिळण्याचा आणि तिथे बाजू मांडण्याचा हक्क आहे. खुनाच्या प्रकरणात नियमांनुसार वारसांना ८.२५ लाख रुपयांचे साह्य आहे. आरोपी सुटल्यास पीडित पक्षाला स्वतंत्र अपील करता येते. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

गैरसमज ११ : सात वर्षे झाली की प्रकरण कायमचे बंद होते

वस्तुस्थिती : भारतीय साक्ष्य अधिनियमातील सात वर्षांची तरतूद दिवाणी स्वरूपाच्या कामांसाठी उपयोगी पडते. एखाद्या व्यक्तीची खबर सात वर्षे तिच्या जवळच्यांना मिळाली नसेल, तर ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. वारसा, विमा, निवृत्तिवेतन अशी कामे त्यावर मार्गी लागतात. गुन्ह्याच्या तपासाला ही मुदत लागू नाही. न्यायालयाने दखल घेण्याची कालमर्यादा तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरती आहे. अपहरण, मानवी वाहतूक आणि खून यांना ती नाही. नवा साक्षीदार, नवा पुरावा किंवा जुळलेला डीएनए कितीही वर्षांनी पुढे आला, तरी न्यायालयाच्या परवानगीने पुढील तपास करता येतो. त्यासाठी मूळ नोंदीची प्रत, तिचा क्रमांक आणि तारीख कुटुंबाने जपून ठेवणे आवश्यक असते.